चूलबंद आणि आर.एस.व्ही.पी.

स्वयंपाकघराच्या खालच्या कप्प्यात झाकणं कशी साठतात बघा! डबे कधीच मोडीत गेलेले असतात, पण झाकणं काही टाकवत नाहीत. माझ्याकडे ऑफिसचे किस्से तसे साठलेत. एक काढायला जावं तर चार धडाधड पायावर पडतात. परवा भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आर.एस.व्ही.पी.' मी एकटीच हसत सुटले. आमचे हे म्हणाले, "अगं, लग्नाची पत्रिका आहे, हसतेस काय?" म्हटलं, "लग्नाला नाही हसत हो. मला रामनाथन साहेब आठवले!"

तर ते नव्वदचं दशक. ठाणे-बेलापूर रोडला आमचा रंगाचा कारखाना आणि मी तिथे स्टेनो. लग्न होऊन साताऱ्याकडून कोपरखैरण्याला आलेली, मराठी माध्यमातली आणि तोंडाने फटकळ. रामनाथन साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. त्यांचं इंग्रजी म्हणजे कडक इस्त्रीचं. मराठी शब्द त्यांना मोजकेच यायचे आणि तेही सगळे बॉयलर हाउसमध्ये ओरडायच्या कामाचे!

दुपारचे डबे आम्ही तिघं एकत्र उघडायचो. मी, स्टोअर्सचे मुकादमभाई आणि टाइम ऑफिसचे जनार्दन म्हात्रे. मुकादमभाई उरणचे, मोऱ्याच्या जेटीजवळ त्यांचं घर. जनार्दनभाऊ तर कारखान्याच्या पाठीमागच्याच तळवली गावचे. कारखाना उभा आहे ती जमीन त्यांच्या वडलांची, आबांची. जमीन गेली आणि घरटी एक नोकरी मिळाली, ती जनार्दनभाऊंना. हा माणूस आम्हा सगळ्यांकडे जेवला, पण त्यांच्या घरी जेवायला कंपनीतल्या एकालाही कधी आमंत्रण नाही. का ते सांगते, जरा दम धरा.

•••

त्या वर्षांत वाशीला नवी नवी हॉटेलं निघत होती आणि जो तो सप्लायर जाड कार्डावर सोनेरी अक्षरांत जेवणाची आमंत्रणं पाठवत होता. साहेबांचा नियम असा की, आमंत्रणाला लेखी उत्तर गेलंच पाहिजे. येणार असाल तरी आणि येणार नसाल तरी.

पहिलं कार्ड नोटीस बोर्डावर लागलं. जनार्दनभाऊंनी चष्मा लावून ते खालपर्यंत वाचलं आणि सगळ्यात खालच्या चार अक्षरांवर बोट ठेवलं. "कुंदाताई, ह्ये काय?"

म्हटलं, "येणार की नाही ते आधी कळवायचं."

"आदी कलवायचं? आनि कशाला?"

"अहो, किती माणसांचं जेवण करायचं ते त्यांना कळायला नको का?"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच त्या माणसाच्या घरची कंजूष सून. "आमच्यात भात कमी परला तर परत टाकतात," म्हणाले आणि डबा घेऊन निघून गेले.

मी हे साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेब हसले, आणि कार्डाला उत्तर मात्र माझ्याकडूनच लिहून घेतलं.

•••

माझं ते पहिलं उत्तर. त्याचा किस्सा आमच्या घरात अजून दिवाळीला निघतो.

आपल्याकडे आमंत्रण आलं की आपण काय म्हणतो? 'बघतो.' 'प्रयत्न करतो.' 'जमलं तर नक्की.' कुणाच्या तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे जीव जातो. मग मी तेच सगळं इंग्रजीत उतरवलं. येण्याची अतिशय इच्छा आहे, प्रकृती बरी असल्यास, आयत्या वेळी पाहुणे न आल्यास आणि शिफ्ट सुरळीत चालू असल्यास येण्याचा पूर्ण प्रयत्न राहील, बाकी समक्ष भेटीत! अर्धं पान भरलं. मी खूश!

साहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "कुंदा, धिस इज नॉट अ रिप्लाय. धिस इज अ वेदर रिपोर्ट!"

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या टायपरायटरशेजारी बसले. येणार असशील तर लिही, "वुई अ‍ॅक्सेप्ट विथ प्लेझर." येणार नसशील तर, "वुई रिग्रेट दॅट वुई आर अनेबल टू अटेंड." संपलं.

"आणि सर, 'बघतो'ला काय?"

"नथिंग."

"पण आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच लागतं!"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, हो किंवा नाही नंतर लिही, पण पहिलं वाक्य नेहमी आभाराचं. तू जाणार नसलीस तरी आभाराचं. कुणीतरी आपल्या घरी पान मांडताना तुझी आठवण काढली, ती काय लहान गोष्ट आहे? हे सगळं त्यांनी इंग्रजीत सांगितलं, पण मला ते आईने सांगितल्यासारखं समजलं. माझ्या व्याकरणाला तोवर सगळे हसले होते. शेजारी खुर्ची ओढून बसलेला माणूस हा पहिला. पुढे मी जे काही इंग्रजी लिहिलं, त्यावर पोट भरलं, मुलगा शिकवला, ती सगळी त्या खुर्चीची कृपा. त्यांच्या रिटायरमेंटला मी ते त्यांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "अ‍ॅक्सेप्टेड विथ प्लेझर!"

•••

हळूहळू सगळा कारखाना माझ्याकडे उत्तरं लिहून घ्यायला लागला. एकदा मुकादमभाई कार्ड घेऊन आले. वापीच्या एका सप्लायरच्या मुलीचा निकाह. स्टोअर्समध्ये नेमकं स्टॉक-टेकिंग लागलेलं, जाणं शक्य नाही.

मी आभाराचं वाक्य टाइप केलं आणि 'वुई रिग्रेट'वर आले. मुकादमभाई मागे उभे होते. "ये रिग्रेट म्हणजे काय, ताई?"

"खेद. आम्हाला खेद होतो की..."

"तौबा तौबा! पोरीच्या निकाहला खेद पाठवू?"

"भाई, पद्धत आहे ती."

"पद्धत असेल. माझ्या हाताने नाय जायचं ते." त्यांनी कागद हळूच मशीनमधून काढून घेतला आणि गेले.

सोमवारी बघते तर मुकादमभाई जागरणाचे लाल डोळे घेऊन स्टोअर्समध्ये बसलेले, समोर मिठाईचा बॉक्स! शनिवारी स्टॉक-टेकिंग उरकलं आणि तसेच एसटी पकडून वापीला जाऊन आलेले. म्हणाले, "ताई, तुमच्या त्या 'नाही'पेक्षा एसटीतनं उभ्याने जाणं सोपं!"

•••

आणि मला तर हे उत्तरांचं वेडच लागलं होतं. आमच्या सोसायटीतल्या गोखलेकाकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. मी ऑफिसमधून मस्त टाइप केलेलं उत्तर, पाकिटात घालून, आमच्या मुलाच्या हाती पाठवलं. आभार, स्वीकार, शुभेच्छा, सगळं यथासांग.

दहा मिनिटांत काकू दारात! डोळ्यांत पाणी. "कुंदा, माझं काही चुकलं का गं? असं वकिलाकडून कळवल्यासारखं!"

त्यांना पाणी दिलं, समजूत काढली, हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी जाऊन चटया घालून दिल्या. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. हे रात्री जेवताना म्हणाले, "उद्यापासून मला जेवायला बोलवायचं तर कार्ड पाठव!"

•••

आता जनार्दनभाऊंचं सांगते.

माझा मुलगा झाला तेव्हा माझं इथे कुणी नव्हतं. आई आजारी, सासूबाई गावी. भाऊंनी कुणाला न विचारता आपल्या बायकोला, सुमनवहिनींना, माझ्याकडे आणून सोडलं. वहिनी रोज तळवलीहून यायच्या. बाळाला न्हाऊ घालायच्या, मला शेक द्यायच्या आणि जाताना विचारायच्या, "बाय, पोटभर जेवलीस का?" सख्खी बहीण काय निराळं करते? पुढे त्यांची मुलगी नयना दहावी झाली, तेव्हा मी तिला दर शनिवारी घरी टायपिंग शिकवलं. फेड म्हणून नाही हो. ते फिटणारं नाहीच. पण मला तेवढंच येत होतं.

एकदा डबा खाताना मी सहज म्हटलं, "भाऊ, वहिनींच्या हातचा भात खायला कधी बोलावताय घरी?"

जनार्दनभाऊंचा घास हातातच राहिला. मुकादमभाईंनी मला टेबलाखालून पाय मारला. पण बोलून गेले होते!

मग भाऊंनीच सांगितलं. कारखाना नुकता उभा राहिला होता आणि त्यांचं स्वतःचं लग्न ठरलं. आबांचं मन मोठं. झालं गेलं विसरून ते तेव्हाच्या मोठ्या साहेबाला आवतण द्यायला गेले. दोन दिवसांनी गावात पाकीट आलं. भारी कागद, वर इंग्रजी टाइप. गावात वाचणारं कुणी नव्हतं. आबा म्हणाले, वाचायचं काय त्यात? जो येणार नसतो तो कागद कशाला धाडेल? आपल्यात न येणारा माणूस गप बसतो. कागद आला म्हणजे साहेब येतोय!

मांडवात पुढे खुर्ची मांडली. त्यावर नवी चादर घातली. साहेब येईपर्यंत पंगत बसवायची नाही, असा आबांचा हुकूम. भात गार झाला, पोरं रडायला लागली, सोयरे कुजबुजायला लागले. शेवटी खुर्ची रिकामी ठेवूनच पंगत उठली. चार दिवसांनी घणसोलीच्या मास्तरांनी तो कागद वाचून दाखवला. साहेबांना यायला जमणार नव्हतं, त्याबद्दल त्यांनी फार सुंदर भाषेत खेद व्यक्त केला होता.

"तवापासून आबांचं एकच," जनार्दनभाऊ म्हणाले. "कंपनीच्या मानसाला आमच्या दारात आवतान नाय. मी तुमच्या सगल्यांकरं जेवलो, कुंदाताई. माज्या घरचा घास तुमाला घालता येत नाय. मना काय वाटत आसल?"

डबा तसाच झाकून ते उठले.

मी हे साहेबांना सांगितलं. साहेब बराच वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, "मे बी आय वुड हॅव रिटन द सेम लेटर."

•••

साहेबांच्या मुलाची मुंज होती, नेरूळच्या हॉलमध्ये. सगळ्या कारखान्याला कार्डं, खाली अर्थातच ती चार अक्षरं. उत्तरं कोण लिहिणार? मीच! सगळ्यांसाठी 'हो'चा एकच मजकूर छापला. 'नाही'चं वाक्य एकानेही घेतलं नाही. साहेब कोण आनंदात! एक उत्तर म्हणजे एक पान, असा हिशोब करून त्यांनी आचाऱ्याला आकडा दिला.

मुंजीच्या दिवशी अकरा वाजता हॉलच्या दारात टेम्पो थांबायला लागले. बायका, पोरं, सासवा, गावाहून आलेले मेहुणे! मुकादमभाई तर मोऱ्याहून भावाच्या कुटुंबासकट. जनार्दनभाऊ, वहिनी, नयना आणि हातात परसातल्या शेवग्याच्या शेंगांची ही मोठी मोळी. साहेब उघड्या अंगाने, लुंगी सावरत माझ्याकडे धावत आले. "कुंदा! दे ऑल अ‍ॅक्सेप्टेड विथ प्लेझर. बट हाउ मेनी प्लेझर्स पर पर्सन?"

पहिल्याच पंगतीला भात-सांबाराने तळ गाठला. साहेबांच्या मिसेस रडकुंडीला आल्या. जनार्दनभाऊंनी पँट वर दुमडली आणि थेट भटारखान्यात शिरले. "रडताय काय, वहिनीसाहेब? पानी ठेवा. भात कमी परला तर परत टाकायचा!" शेंगा मोडून सांबारात गेल्या. तीन पंगती उठल्या, एकही माणूस उपाशी गेला नाही.

सगळं आटोपल्यावर साहेब आमच्यात येऊन बसले आणि हात जोडून विचारलं, एक उत्तर आलं तर एवढी माणसं कशी आली?

जनार्दनभाऊ ओशाळले. "साहेब, आमाला वाटलं तुमचं चूलबंद आवतान हाय."

मग मी समजावलं. आमच्याकडे मनापासून बोलवायचं तर चूलबंद बोलावतात. म्हणजे त्या दिवशी त्या घरातली चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं.

"अँड हाउ डू दे रिप्लाय?"

भाऊ हसायला लागले. "रिप्लाय कसला, साहेब? सकाली त्याच्या कौलांकरं बघायचं. धूर नाय निंगाला, म्हंजे येतायत."

साहेबांनी मान डोलावली. "व्हेरी गुड सिस्टिम. नो स्टॅम्प."

•••

दोन वर्षांनी नयनाचं लग्न ठरलं. पोरगी तोवर वाशीत एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली होती. पत्रिका छापल्या, गावभर वाटल्या. जनार्दनभाऊ आमच्यासमोर येईनात. डबासुद्धा टाइम ऑफिसात एकटेच खायला लागले. मला सगळं कळत होतं. ज्या पोरीला मी 'ए एस डी एफ'पासून शिकवलं, तिच्या अंगाला हळद लागणार आणि मी दोन किलोमीटरवर घरात बसणार!

पण नयना माझी चेली! तीही फटकळ. तिने आबांना सरळ सांगितलं, "कुंदाताय नाय आली तर मी हलद लावून घेनार नाय."

दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "एक डाव बोलावून बघतो. पन आता जर का फिरून कागद आला, तर मी मेल्यावर बी त्या कंपनीच्या मानसानं माज्या दारात यायचं नाय. मैताला बी नाय."

आणि आबा आले! जमीन गेल्यापासून आवतणाची ती एक खेप सोडली, तर त्या गेटात त्यांनी पाय ठेवला नव्हता. धुवट धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. मीच त्यांना केबिनमध्ये नेलं. आत साहेब मेंटेनन्सच्या कुलकर्ण्यांशी बॉयलरच्या वार्षिक साफसफाईचं बोलत होते. ती मे महिन्यात असायची, तेव्हा बॉयलर विझवून सगळा कारखाना बंद ठेवायचे. हा होता फेब्रुवारी.

आबा बसले नाहीत. कमरेची पुरचुंडी सोडली, हळदीच्या अक्षता आणि सुपारी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "नातीचं लगीन हाय, येत्या गुरवारी. तुमच्या अख्ख्या कंपनीला चूलबंद आवतान हाय. कागद नको."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेब उभे राहिले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कुंदा, व्हॉट इज द सेन्टेन्स?"

"सर, सेन्टेन्स नाही चालणार."

आयुष्यभर ज्यांना शब्द शोधावा लागला नाही, ते साहेब टेबलाची कड धरून उभे! शेवटी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "थँक यू. बहुत थँक यू." पहिलं वाक्य आभाराचं. दुसरं काही येईना. आबांनी थोडी वाट पाहिली. मग "बरं" म्हणाले आणि काठी टेकत निघाले.

गेटाबाहेर जनार्दनभाऊंना म्हणाले, "हात जोरले रं त्यानं. पन येतो का नाय, ते काय बोलला नाय."

खरं तर बोलणार काय? गुरुवार कामाचा दिवस. कारखाना तीन शिफ्टमध्ये चालणारा. एकटे साहेब जाऊन पाच मिनिटं बसले असते, तर ते चूलबंद कसलं? भाऊंचा चेहरा बघवत नव्हता. संध्याकाळी मी केबिनमध्ये गेले आणि विचारलं, "सर, जनार्दनभाऊंना काय सांगू?"

साहेब अक्षतांकडे बघत बसले होते. "टेल हिम नथिंग."

मला असा राग आला म्हणून सांगू! रजेचा अर्ज टेबलावर आपटला आणि बाहेर पडले. मुकादमभाई जिन्यात भेटले. म्हणाले, "जाऊ द्या, ताई. साहेब माणूस चांगला. पन शेवटी साहेब."

•••

गुरुवारी सकाळी सातला मी तळवलीत पोचले. नयनाची वेणी घालायचा मान माझा होता. मांडव अंगणात, आणि मांडवाच्या पलीकडे, घरांच्या डोक्यावरून, धुक्यात अर्धी बुडालेली आमच्या कारखान्याची चिमणी. रोज त्याच गेटातून आत जाणारी मी, पण ती चिमणी मी ह्या बाजूने पहिल्यांदाच पाहत होते. सुमनवहिनी दोरीवरचे कपडे काढताना आपोआप झटकून घेत होत्या. इतक्या वर्षांच्या काजळीची सवय.

परसात दोन मोठे टोप. एक चुलाणावर चढलेला, दुसरा जमिनीवर पालथा. आचारी तांदूळ धुऊन तयार. "आबा, गावचा भात टाकतो. कंपनीचा टाकू का नको?"

आबा अंगणाच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "थांब."

मी खिडकीत नयनाच्या वेणीत अबोलीचा गजरा गुंफत होते. ती आरशातून मलाच विचारत होती, "येतील ना गं?" म्हटलं, "मान हलवू नकोस."

जनार्दनभाऊ नवा सदरा घालून मांडवाच्या खांबाला टेकून उभे. कुणाकडेच बघत नव्हते. वहिनी दोनदा त्यांच्यासमोर चहा ठेवून गेल्या, दोन्ही कप तसेच.

आठ वाजले. आचारी पुन्हा आला. "आबा, पानी उकललं. काय ते सांगा."

आबांनी कपाळावर हात आडवा धरला होता आणि ते घरांच्या वरून लांब बघत होते. मी त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. मग जनार्दनभाऊंनी पाहिलं. त्यांनी खांब सोडला आणि दोन पावलं पुढे आले.

चिमणी होती. तिच्यावर नुसतं निळं आभाळ होतं.

वहिनी हातातली परात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. नयना अर्धी वेणी तशीच सोडून खिडकीतून डोकावली.

आबा काठी टेकत उठले. टोपी नीट केली. मागे वळून आचाऱ्याला इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दचकली.

"टाक रं भात! आनि दुसरा टोप बी चरव!"